प्रोफेसरनं टीव्हीवर जायचं काहून?

रविवारी सकाळी ट्रॅफिक पार्कजवळच्या ठेल्यावर आमचा कट्टा भरतो, तर्री पोहे, मग दोन-दोन चहा, वर्षानुवर्षं हेच चालू आहे. या रविवारी विषय शोधायची गरजच नव्हती कारण शुक्रवारी रात्री आमच्या कट्ट्यातल्या, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या प्रज्ञाला सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलं होतं. ग्रहणाचा कार्यक्रम, स्क्रीनवर आठ खिडक्या, ही खालच्या कोपऱ्यात, ज्योतिषी मधोमध, आणि हिच्या वाट्याला आले चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून मोजले कारण मला खरंच राग आला होता.

बंडूभाऊ तर गाडी स्टँडवर लावायच्या आधीच सुरू. "काय मॅडम, स्टार झाल्या तुम्ही! पण मी तोंडावर बोलतो, प्रोफेसरनं टीव्हीवर जायचंच काहून? सरकार सातवा वेतन आयोग देऊन राह्यलं ते शिकवाचा, का पावडर लावून बसाचा?"

प्रज्ञानं पोह्यावर लिंबू पिळता पिळता वर पाहिलं. "बंडूभाऊ, मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. चौदा वर्षं झाली. तासाचे पैसे मिळतात, तेही येतील तेव्हा. सातवा आयोग मी पण टीव्हीवरच पाहिला."

सगळे हसले, ती नाही हसली. फिजिक्स इतकं सोपं करून सांगणारी दुसरी बाई मला माहीत नाही, आणि उन्हाळ्याचे दोन महिने तिच्या खात्यात एक रुपया येत नाही. हे मी इथे मुद्दाम लिहितोय.

बंडूभाऊंचं काय आहे, त्यांचा नीट-जेईईचा क्लास आहे, आणि हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो अर्ध्या नागपुरात होर्डिंगवर आहे. फोटोतले केस कुळकुळीत काळे.

सलीम म्हणाला, "भाऊ, तुमचं थोबाड तर चोवीस तास चौकात लटकून राह्यते, त्याचं का?"

"ते मार्केटिंग आहे बे."

"अन् हे?"

"ही प्रसिद्धीची हाव आहे. फरक समजून घे." असं म्हणून त्यांनी मोबाईलच्या काळ्या स्क्रीनमध्ये पाहून भांग नीट केला. खरंच केला, सगळ्यांच्या समोर.

मोरेश्वर सर तोवर गप्प होते. सर मराठीचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनीच शिकवलंय. म्हणाले, "माझी अडचण वेगळी आहे. टीव्हीला प्राध्यापक नको असतो, त्याला बाजू पाहिजे असते, इकडची नाही तर तिकडची. 'हे मला माहीत नाही' असं ज्याला म्हणता येतं त्याला मी प्राध्यापक म्हणतो, आणि असं म्हणणाऱ्याला तिथून दुसऱ्यांदा फोन येत नाही. म्हणून आमच्यातले बरे लोक कधी गेलेच नाहीत."

मुद्दा वजनदार होता, मीही मान हलवली. पण प्रज्ञानं प्लेट खाली ठेवली. "सर, तुम्ही नाही गेले म्हणून ती खुर्ची रिकामी राहिली का? तिथं जो बसला तो परवा सांगत होता की पोटुशीनं ग्रहणात भाजी चिरली तर लेकराचा ओठ फाटते. माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या बहिणीला तिच्या सासूनं शुक्रवारी दिवसभर पाणी पिऊ दिलं नाही. सातवा महिना आहे तिला."

कोणी काही बोललं नाही. पोहेवाल्याचा झारा तेवढा वाजत होता.

मग मी १९९५ चं सांगितलं. २४ ऑक्टोबर, ऐन दिवाळीतलं ग्रहण, मी सहावीत. खग्रास तिकडे राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात होतं, नागपूरला नुसतं खंडग्रास, पण आजीनं पहाटेच पाण्यात तुळशीपत्र टाकून खिडक्या लावून घेतल्या होत्या. घरात दूरदर्शन चालू होतं आणि प्रोफेसर यशपाल बोलत होते, पांढऱ्या केसांचा म्हातारा माणूस पण लहान पोरासारखा हरखलेला. आईनं दहा-पंधरा मिनिटं ऐकलं, मग स्वयंपाकघरातून पीठ चाळायची चाळणी आणली आणि सरळ अंगणात जाऊन उन्हात धरली. खाली फरशीवर चाळणीच्या सावलीत शंभर-दीडशे छोट्या छोट्या सूर्याच्या कोरी पडल्या, चंद्रकोरीसारख्या, भोकागणिक एक. मी आजपर्यंत ते विसरलो नाही. आजी उंबऱ्याच्या आतच उभी राहिली, पण बघत होती. एवढं काम त्या माणसानं टीव्हीत बसून आमच्या घरात केलं, त्यांना तिथं जायचं काहून असं मला कोणी विचारू नये.

"अन् हे यशपाल कोण?" प्रज्ञा बंडूभाऊंकडे वळली. "कॉस्मिक किरणांवर काम केलेले. १९७५-७६ ला उपग्रहावरून २४०० खेड्यांत टीव्ही पोचवला त्या कामात पुढे असलेले. ८६ ते ९१ यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. ज्या यूजीसीच्या नावानं तुम्ही आमचा पगार काढता ना, तिचे! आणि नंतर तोच माणूस दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट' या विज्ञानाच्या कार्यक्रमात बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता."

"यूजीसीचा तो टीव्हीवरचा दुपारचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' प्रोग्रॅम मी पाह्यलेला आहे," बंडूभाऊ हार मानत नाहीत. "पाच मिनिटात घोरत होतो."

"८४ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला तो. इंग्रजीत होता म्हणून घोरले. मराठीत असता तर—"

"मराठीतही घोरत होते," सलीम. "सरांले विचार."

इथून गाडी जी घसरली ती घसरलीच. बंडूभाऊ म्हणे सरांनी बारावीला मराठीत मुद्दाम पस्तीस दिले. सर म्हणाले, "बोर्डाचा पेपर मी कसा तपासणार? आणि प्रिलिमला जे पस्तीस दिले त्यातले चार दयेचे होते, तू 'कवीला काय म्हणायचे आहे' याखाली 'कवीलाच विचारा' लिहिलं होतं." बंडूभाऊ म्हणाले ते उत्तर आजही बरोबर आहे. यावर एक चहा गेला.

हसणं ओसरल्यावर प्रज्ञानं हळूच सांगितलं की शनिवारी सकाळी तिला कॉलेजातून मेसेज आला, कोणाच्या परवानगीने गेल्या? पुढच्या वर्षीच्या तासिकांचं अजून ठरायचं आहे, एवढंही खाली लिहिलेलं. मला चीड आली ती याची. हिला चाळीसच सेकंद काहून दिले, असं त्या चॅनलला विचारणारा एकही जण त्या स्टाफरूममध्ये निघाला नाही. सर म्हणाले, "तो मेसेज मला पाठव, मी बोलतो," आणि त्यांचा चेहरा बघून वाटलं की ते खरंच बोलतील.

"पण मले सांग," सलीम म्हणाला, "दहा मिनिटं भेटले असते तं काय केलं असतं तू?"

ती उठली. ठेलेवाल्याकडून वाटीभर दूध, चमचा आणि स्टीलचा गिलास मागून आणला, गिलास ओला करून उलटा ठेवला. "९५ लाच, ग्रहणाच्या महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायले होते ना? बघा." काठोकाठ भरलेला चमचा तिनं जरासा कलता करून गिलासाच्या ओल्या अंगाला नुसता टेकवला, आणि चमचा रिकामा होत गेला. थेंब पडताना दिसेना. "पृष्ठताण दुधाला काठावरून ओढते, आणि मग ते ओल्या अंगावरून पातळ थर होऊन खाली उतरते, दिसत नाही. त्या वेळी शास्त्रज्ञांनी दुधात रंग टाकून दाखवलं होतं. बोट लावा."

ठेल्यावरचा पोरगा आला, रिक्षावाले दोघं आले, एका काकूंनी खरंच बोट लावून पाहिलं. आणि पाहतो तर बंडूभाऊ मोबाईल आडवा धरून शूटिंग करताहेत.

"बंडूभाऊ, टीव्हीवर जायचं नसते ना?"

"अबे हे क्लासच्या ग्रुपवर टाकतो. पुन्हा कर, पुन्हा कर मॅडम, उजेड इकडून येऊन राह्यला."

"खाली माझं नाव टाका. आणि तासाचे पैसे."

सलीमला तोच प्रयोग चहावर करायचा होता, चमचा जास्त कलला आणि अख्खा बंडूभाऊंच्या पांढऱ्या पँटवर. व्हिडिओत तेवढंच नीट आलंय.