लेकरू म्हणजे दुःखावरचं औषध नव्हे

मुलगा गमावलेलं एक जोडपं अनाथ मुलीला काही काळासाठी घरी आणतं आणि तिच्यामुळे पुन्हा जगू लागतं, असा एक कौटुंबिक सिनेमा सध्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात वादाचा विषय झालाय. मी तो इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला पाहिला आणि रडले. पण शेवटी बाप तिला गेलेल्या मुलाची सायकल देतो, तिचे पाय पॅडलला पोचत नाहीत आणि सीट खाली करायचं कुणालाच सुचत नाही, तिथे मी अडकले.

गावातले एक म्हणतात, "रक्ताचं ते रक्ताचंच." दुसरे म्हणतात, "देवानं एक नेलं, एक देल्लं." दोन्हीकडे हिशोब आईबापांच्या दुःखाचाच चाललाय. पोरीचं काय?

आपल्याकडे लेकरू उघड्यावर पडत नाही, याचा मला अभिमान आहे. माय मरो, मावशी जगो, हे आमच्या भागात लोक खरोखर जगतात, तेही कोरडवाहू कापसाच्या भरवशावर. माझ्या वर्गातली एक मैत्रीण मामाकडे वाढली. पोटभर जेवायला मिळे, कुणी हात उगारला नाही. पण मामेभावंडं झोपेत असताना ती हापशीवर पाण्याचे दोन गुंड भरत असायची. "तुले काही पाह्यजे का गं?" असं तिला विचारायला कुणी आलं नाही.

इंग्लंडमध्ये तेवढं विचारतात. दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेलं मूल नव्या घरी गेलं की आठवड्याच्या आत सोशल वर्कर भेटायला येते, पहिलं वर्षभर निदान दर सहा आठवड्यांनी येते आणि मुलाशी एकट्याशी बोलते. पालक होऊ पाहणाऱ्यांना आधी त्यांच्या स्वतःच्या दुःखाबद्दलही खोदून विचारतात. एवढं असूनही इथे घरं कमी पडतात, आणि एका घरातून दुसऱ्या घरी फिरत राहिलेली मुलं शेवटी कुणाचीच उरत नाहीत. मावशी इथे नाही, आणि ती कायद्याने उभी करता येत नाही.

कागद तर आपल्याकडेही आहेत. २०१५च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्व आहे, म्हणजे दत्तक न घेता काही काळ मूल आपल्या घरी सांभाळणं. २०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायची वाट मोकळी केली, आणि दोन वर्षं मूल घरात राहिलं तर दत्तक घेण्याचीही. नवरा गेलेल्या बाईला शेतकरी आत्महत्यांच्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यात याचा अर्थ काय, ते मी वेगळं सांगायला नको. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपयेही आहेत. वही-दप्तराला त्याचा आधार होतो.

"उद्या तिची माय आली न्यायले तं?" हा गावातला प्रश्न, सिनेमातली पोर अनाथ असली तरी, मला सगळ्यात खरा वाटतो, आणि तो मूल आणण्याआधीच विचारायला हवा. आली आणि अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीला पटलं, तर पाठवावं लागेल. ज्यांना आपल्या गेलेल्या लेकराची जागाच भरायची आहे, त्यांना हे झेपणार नाही. त्यांनी आधी स्वतःच्या दुःखाला वेळ द्यावा. ज्यांना झेपेल, त्यांनी यवतमाळला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावं. आणि गावच्या ग्राम बाल संरक्षण समितीने कागदावरून उठून त्या घरी जावं. अंगणवाडीताईंनी मोठ्यांना ओसरीवर बसवावं आणि पोरीशी आत एकटीशी बोलावं, दर महिन्याला.