गावच्या देवळातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो

एकच मजकूर गेल्या काही आठवड्यांत माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. भाईंदरच्या सोसायटीच्या ग्रुपवर, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर, एका माजी सहकाऱ्याकडून, आणि शेवटी ज्यांच्या घरी मी दर गणपतीला जातो त्या शेजारच्या काकांकडून. काकांनी खाली लिहिलं होतं, ‘हे खरं आहे का रे?’ त्यांनी विचारलं म्हणूनच हे लिहितो आहे.

मजकूर थोडक्यात असा: गावागावांतली चर्च परदेशी पैशावर चालतात. त्या पैशातून तांदळाची पोती वाटून गरिबांना बाटवतात. इथे गोळा झालेला पैसा ‘मिशन’च्या नावाखाली रोमला जातो. हे लोक पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून बाटवलेले, यांचा मातीशी संबंध नाही. आणि महाराष्ट्रात यांची संख्या झपाट्याने वाढते आहे.

मी भाईंदरजवळच्या उत्तन या कोळीवाड्याचा. आमचं घर डोलीच्या, म्हणजे समुद्रात रोवलेल्या जाळ्याच्या, मासेमारीवर जगलं. अंगणातल्या वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांच्या वासात मी वाढलो. आमचे जुने लोक चर्चला देऊळच म्हणायचे. त्या देवळाच्या आर्थिक समितीवर मी सहा वर्षं काम केलं आहे, म्हणून पैशाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो.

मजकुरातलं पहिलं वाक्य म्हणतं पैसा बाहेरून येतो, तिसरं म्हणतं बाहेर जातो. लिहिणाऱ्याने दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ वाचली असती तर त्यालाच थांबावंसं वाटलं असतं.

परदेशातून एक रुपया जरी घ्यायचा असेल, तरी संस्थेला परकीय देणगी नियमन कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा परवानगी लागते. हा कायदा पहिल्यांदा १९७६ मध्ये झाला, त्याच्या जागी २०१० चा आला, आणि २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला गेला. आता परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, कार्यालयीन खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती किंवा कुठलाच धर्म न मानणारी, कोणतीही संस्था असो, कायदा तोच. आमच्या गावच्या देवळाकडे अशी नोंदणीच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. मोठमोठ्या मिशन संस्थांनी इथे रुग्णालयं, कुष्ठधामं, वसतिगृहं उभारली, त्यात परदेशी पैसा होता आणि काही ठिकाणी आजही आहे. तो लपवण्यासारखा नाही, कायद्याने नोंदलेला आहे. पण त्यावरून ‘गावोगावचं चर्च परदेशी पैशावर चालतं’ असं म्हणता येत नाही.

मग गावचं देऊळ चालतं कशावर? रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, देणगीसाठी फिरणाऱ्या पिशवीवर. लग्नाच्या, बारशाच्या, मयताच्या वेळी लोक देतात त्यावर. सणाला होणाऱ्या लिलावावर. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो, म्हणजे नव्या भाताचा सण. ज्यांची शेतं राहिली आहेत ते लोंब्या आणतात, बाकीचे परसातला दुधी, केळीचा घड, नाहीतर एखादी मोठी सुरमई. आशीर्वाद झाला की लिलाव. त्या सुरमईला बाजारात कधी मिळणार नाही असा भाव देवळाच्या पायऱ्यांवर मिळतो, कारण बोली लावणारा मासा घेत नसतो, देत असतो. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते तेव्हा पिशवी हलकी होते आणि समितीला विजेचं बिल भरताना घाम फुटतो. परदेशातून पैसा येत असता तर आम्हाला पावसाळ्याची धास्ती वाटली नसती.

कॅथलिक चर्चच्या कायद्यातला ५३७ वा नियम सांगतो की प्रत्येक धर्मग्रामाला, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती वस्तीला, आर्थिक समिती असलीच पाहिजे. शिवाय सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या संस्थांना हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. आमच्याकडे पैसे एकटा माणूस कधीच मोजत नाही. तीन-चार जण टेबलाभोवती बसतो, नाण्यांचे ढीग लावतो, वहीत लिहितो, सह्या करतो.

आता मिशनचा पैसा. हा मुद्दा मला जास्त जवळचा आहे.

ऑक्टोबरातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या कॅथलिक देवळांत मिशन रविवार पाळतात. अकरावे पायस पोप असताना १९२६ मध्ये तो सुरू झाला. त्या दिवशीची पिशवी गावात राहत नाही, सगळीच्या सगळी बिशप हाऊसकडे जाते आणि तिथून मिशनच्या निधीत. आठवडाभर आधी घरोघर पाकिटं वाटली जातात. मिस्सेनंतर आवारात टेबलं लागतात, बाया फुगे, म्हणजे पिठाचे गोल वडे, तळतात, कुणी इंदियाल नावाचं कालवण करून आणतं, पोरं बाटलीत कड्या टाकायचे खेळ मांडतात, दुपारी हाऊजी. मासे विकून आलेली एखादी म्हातारी कमरेच्या बटव्यातून ओल्या नोटा काढते आणि पाकिटात घालते. त्या नोटा मी स्वतः वाळवून मोजल्या आहेत. त्यांना खारट वास येतो.

या निधीचं मूळ कुणा राजाच्या तिजोरीत नाही. पोलीन जारिको नावाच्या तरुणीने फ्रान्समधल्या लिओं शहरात रेशीम कामगारांकडून आठवड्याला एक सू, म्हणजे तिथलं एक लहानसं नाणं, गोळा करायला सुरुवात केली. एकाने दहा जणांकडून घ्यायचं, त्या दहांनी आणखी दहा-दहा जोडायचे. १८२२ मध्ये त्यातून संस्था उभी राहिली. मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटू नये. तळेगावचा काच कारखाना आपल्या लोकांनी पैसा फंडाच्या अशाच पै-पैवर उभा केला होता.

परदेशात पैसा पाठवायला आपल्याकडे परकीय चलनाचा १९९९ चा कायदा आहे, आणि बँकेला टाळून गावच्या समितीला काहीही करता येत नाही. पण खरं सांगायचं तर परदेशातल्या मिशनला गावाने दिलेली मोठी मदत पैशाची नाहीच, माणसांची आहे. माझी मावशी सिस्टर होऊन टांझानियात गेली. बावीस वर्षं तिने तिथल्या एका दवाखान्यात बाळंतपणं केली. तिला निरोप देताना गावाने एक पत्र्याची ट्रंक दिली होती, आणि माझ्या आईने त्यात वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बोंबील भरले होते. सुट्टीवर आली की ती मिस्सेनंतर उभी राहून तिथल्या बायांबद्दल बोलायची: किती कोस चालत येतात, पावसात रस्ता कसा तुटतो. लोक ऐकायचे, आणि पुढच्या मिशन रविवारी पाकिटं जाड व्हायची. ‘रोमला पैसा जातो’ हे वाक्य वाचलं की मला तो दवाखाना आठवतो.

ही वाट जुनी आहे. गोन्सालो गार्सिया आपल्या वसईत जन्मले, पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच. व्यापार सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातले संन्यासी झाले, जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. गोव्याचे जोसेफ वाझ डचांच्या अमलात कॅथलिकांचा छळ चालू असताना भिकाऱ्याच्या वेशात श्रीलंकेत शिरले आणि १७११ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्यामागे युरोपातली कुठलीही मोठी संस्था नव्हती. प्रॉटेस्टंट बंधूंनी १९०५ च्या नाताळला सेरामपूर इथे नॅशनल मिशनरी सोसायटी काढली, तेव्हा ठरवलंच होतं: माणसं इथली, पैसा इथला, कारभार इथला. देशात अजून इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट.

‘तांदळाची पोती देऊन बाटवतात’ या वाक्याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण तांदूळ खरंच आहे. आमच्याकडे सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी आहे. १८३३ मध्ये पॅरिसच्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, आज असंख्य धर्मग्रामांत चालणारी. दर महिन्याला काही घरांत तांदूळ, डाळ, औषधं पोचतात. या घरांत ख्रिस्ती आहेत, तसेच बोटींवर काम करायला बाहेरून आलेल्या खलाशांची कुटुंबंही आहेत, ज्यांचा धर्म आम्ही विचारत नाही. माझ्या सहा वर्षांत त्यातल्या एकाचाही बाप्तिस्मा झाला नाही, आणि व्हावा असं कुणी सुचवलंही नाही. मोठ्या माणसाला कॅथलिक व्हायचं असेल तर कित्येक महिन्यांची तयारी करावी लागते. पोत्याच्या बदल्यात देता येईल अशी ती गोष्ट नाही. चर्चचा ७४८ वा नियम म्हणतो की कुणाच्याही सदसद्विवेकाविरुद्ध त्याला कॅथलिक धर्म घ्यायला भाग पाडू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजात जबरदस्तीबरोबर आमिषालाही मनाई आहे. आजारी माणसाला ‘आमच्यात या, बरे व्हाल’ असं सांगणारे कुठे असतील तर त्यांना माझाही विरोध आहे, आणि मी तो समितीत बोलून दाखवला आहे.

कायद्याचंही स्पष्ट आहे. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ‘प्रसार’ या शब्दावर वाद झाला, तेव्हा कन्हैयालाल मुन्शींनी तो शब्द ठेवण्याच्या बाजूने भाषण केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मला दोन्ही मान्य आहेत.

आणि तांदळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मिझोराममधल्या ख्रिस्ती बाया रोज भात शिजवायला घेताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढतात. तो तांदूळ गोळा करून विकतात आणि त्यातून मिशनचं काम चालतं. शंभरहून अधिक वर्षं ही रीत चालू आहे. तिथे तांदूळ चुलीकडून चर्चकडे जातो.

विहिरीतल्या पावाबद्दल. ही कथा आमच्याकडेही सांगतात. पोर्तुगिजांनी साष्टी-वसईत देवळं पाडली, दबाव आणला, अनाथ मुलांना धर्मात ओढलं. हे झालं आणि ते वाईट झालं. पण ती कथा नीट ऐका. पाव पडलेल्या विहिरीचं पाणी प्यायलेल्या माणसाला परत घरात कुणी घेतलं नाही? त्याच्या जातीने. दार दोन्हीकडून बंद झालं होतं, आणि त्याचा दोष आज चारशे वर्षांनी त्या माणसाच्या पणतूला देता येत नाही.

शिवाय या भागातली ख्रिस्ती वस्ती पोर्तुगिजांच्याही आधीची आहे. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ इथल्या बिशपाचा उल्लेख केला आहे, आणि बरेच अभ्यासक ते गाव म्हणजे आपलं कल्याण मानतात. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले, तेव्हा त्यांना आसरा देणारी नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाची, ख्रिस्ती घरं ठाण्यातच होती. वास्को द गामा यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या तहात मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा होती. इंग्रजांनी १७७४ मध्ये ठाणे घेईपर्यंत इथे मराठ्यांचं राज्य होतं. पाठीशी उभं राहणारं परदेशी राज्य गेलं, बहुतेक परदेशी पाद्री गेले, कित्येक चर्च ओस पडली. तरी कोळीवाड्यांत, आगरांत, भातशेतीच्या गावांत लोक ख्रिस्ती राहिले, मराठी बोलत राहिले, लग्नाला उंबराचं पाणी आणत राहिले. तो काळ परदेशी पैशावर निघाला नाही.

संख्येबद्दल फार लिहायला नको. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साडेदहा लाखांच्या थोडे वर होते, म्हणजे सुमारे १.०९ टक्के. २०११ मध्ये १० लाख ८० हजार, म्हणजे ०.९६ टक्के. प्रमाण घटलं आहे.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे सगळं तुम्हाला आधी पाठवतो आहे. मिशन रविवारी मिस्सेनंतर मोजणीच्या टेबलाजवळ एक खुर्ची तुमच्यासाठी ठेवतो. वही तुम्हीच धरा. नोटा ओल्या असतात, पंख्याखाली पसरून ठेवाव्या लागतात, म्हणून तास-दीड तास लागतो.