मुद्रा कर्ज बुडवता येत नाही, आणि त्यासाठी साडेचार हजारही भरावे लागत नाहीत

बहिणीने परवा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, भरू का पैसे?" मेसेज असा: पोराची दोन वर्षं आयटीआयमध्ये घालवू नका. मुद्रा योजनेतून 10 लाख उचला. शिक्षण, अनुभव काही लागत नाही. हमी सरकारची, फेडलं नाही तरी कोणी विचारत नाही. 4,500 रुपये भरा, मंजुरीपत्र घरपोच. भाचा इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हे वाचल्यापासून आयटीआय सोडायचं म्हणतोय.

आधी ते 4,500. नेमके इतकेच पैसे मागणारं, 10 लाखांच्या कर्जाचं बनावट मंजुरीपत्र गेली काही वर्षं फिरतंय. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने ते खोटं ठरवलंय आणि अर्थ मंत्रालयाने असं पत्र काढलेलंच नाही, हेही स्पष्ट केलंय. शिवाय मुद्रा ही संस्था कुणालाही थेट कर्ज देत नाही. ती बँकांना आणि वित्तसंस्थांना पैसा पुरवते. अर्ज तपासते, कर्ज देते ती बँक. मग मुद्राचं मंजुरीपत्र घरी येईल कुठून?

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "फेडलं नाही तरी चालतं". तारण लागत नाही, हे खरं. पण सरकारी हमी असते ती बँकेसाठी, कर्जदारासाठी नव्हे. हप्ते थकले तर बँक हमी निधीकडे दावा करते, पण तुमची बाकी तुमच्या नावावरच राहते, वसुली सुरूच राहते. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद बघून मिळणारा गुणांक, बिघडतो. विशीतल्या पोराला पुढे खरोखर दुकान टाकायचं असेल, तेव्हा कुठलीच बँक दारात उभं करणार नाही. गरीब घरातल्या पोराकडे पत सोडून दुसरं भांडवल असतं तरी काय?

शिक्षणाची अट नाही, हेही एक वेळ मान्य. बँका पोरांना हेलपाटे घालायला लावतात, तेही नाकारत नाही. पण अट नाही म्हणजे काम यायला नको, असं होत नाही. भाच्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकायचंय. जळालेली मोटर उघडून तारेचा गेज आणि वेढे नीट मोजता आले नाहीत तर मोटर पुन्हा जळते, आणि तांब्याचा खर्च दुकानदाराच्या अंगावर येतो. त्यात गिऱ्हाईक शेतकरी, त्याची उधारी पीक विकल्यावर सुटणार, हप्ता मात्र दर महिन्याला. हे गणित शिकल्याशिवाय 10 लाख हातात देणं म्हणजे पोराला खड्ड्यात ढकलणं.

आणि सुरुवातीलाच 10 लाख कशाला? मुद्रात 50 हजारांपर्यंतचं शिशु कर्ज आहे, पुढे किशोर 5 लाखांपर्यंत, मग तरुण.

बहिणीला मी सांगितलं ते असं: त्याला आयटीआय पूर्ण करू दे, मग एखाद्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप. धंद्याचा हिशोब शिकायला ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. बँका त्या चालवतात, राहणं-जेवण-प्रशिक्षण फुकट, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावाही करतात. आपल्या जिल्ह्यात कुठली बँक चालवते, ते शाखेत विचारा. मुद्राचा अर्जही शाखेतच करा, एजंट नको. कुणी पैसे भरून बसलं असेल तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.