‘तेव्हाची मोकळी मुंबई’: एका फॉरवर्डचा पंचनामा

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो. दहा-बारा जुने फोटो, मागे एखादं जुनं गाणं आणि खाली मजकूर. शब्द थोडेफार बदलतात, पण गाभा तोच: ‘ही बघा १८८० ची मुंबई. रस्ते मोकळे, गर्दीचं नाव नाही, कागदाचा कपटासुद्धा दिसत नाही. इंग्रजांनी स्वतःच्या पैशाने शहर उभारलं आणि आपण त्याचं मातेरं केलं.’ तोंडी लावायला दोन गोष्टी असतात. ताजमहाल हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं म्हणून गोऱ्या आर्किटेक्टने जीव दिला, ही एक. दुसरी म्हणजे १९११ साली पंचम जॉर्ज गेटवे ऑफ इंडियातून मुंबईत पाऊल टाकतो आहे, असं लिहिलेला फोटो.

फोटो बहुतेक खरे आहेत, म्हणूनच हा मजकूर लोकांच्या गळी उतरतो. गोंधळ आहे तो त्या फोटोंकडून जे वदवून घेतलंय त्यात.

पहिलं, मोकळे रस्ते. १८५० च्या दशकापासून पुढे पंचवीसेक वर्षं फोटो निघायचे ते कोलोडियन नावाचं चिकट रसायन लावलेल्या ओल्या काचेवर. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायचा. त्यामुळे फोटोग्राफर काळोखाचा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर घेऊनच हिंडे. ही काच प्रकाश सावकाश टिपायची. भर उन्हातही भिंगावरचं झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात जो हलला तो पुसट आला आणि जो चालत निघून गेला तो काचेवर उमटलाच नाही. उभी बैलगाडी, सावलीत झोपलेला हमाल आणि फोटोग्राफरने मुद्दाम उभा केलेला पट्टेवाला मात्र टिकले. अशा फोटोची मोठी स्कॅन प्रत मिळाली तर इमारत सोडा, रस्ता बघा. धुरकट पट्टे दिसतील, धड स्वच्छ असून मान हलवल्यामुळे डोकंच नसलेला घोडा दिसेल, कुठे नुसत्या पावलांच्या खुणा दिसतील. त्या रस्त्यावर माणसं होती. काचेला ती धरता आली नाहीत, इतकंच.

ड्राय प्लेट, म्हणजे प्रकाश झटपट टिपणारी कोरडी काच, आली आणि हे बदललं. १८८० नंतरच्या फोटोंत चालती माणसं दिसू लागतात आणि जुन्या मुंबईत अचानक ‘गर्दी वाढते’.

पण याहून मोठं कारण जागेचं आहे. फॉरवर्डमधले फोटो कुठले, तर हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, जुनं सेक्रेटरिएट, ओव्हल, फार तर अपोलो बंदर. किल्ल्याच्या तटाबाहेरचं हे एस्प्लनेडचं मैदान मुद्दाम मोकळं राखलेलं होतं, कारण तोफांच्या माऱ्याच्या वाटेत घरं आलेली लष्कराला चालायची नाहीत. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६२ नंतर, तट पाडायला घेतला. रिकाम्या झालेल्या जमिनीवर सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. तिच्या पश्चिमेला बॅकबेच्या किनाऱ्याने रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र. सुरुवातीच्या फोटोंत तिथे धड झाडंही दिसत नाहीत, माणसं कुठून दिसणार? तिथे कुणी राहतच नव्हतं.

लोक राहत होते गिरगावात, भुलेश्वरला, मांडवीत, डोंगरीत. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात याच्या पावणेचारपट माणसं होती, हे मान्य. पण तेव्हा बॅकबेची बरीचशी भर पडायची होती, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती व्हायच्या होत्या आणि ही सव्वाआठ लाख माणसं मोजक्या वॉर्डांत कोंबलेली होती. काळबादेवी रोडची जुनी पोस्टकार्डं चिकार मिळतात. त्यांत ट्राम, व्हिक्टोरिया, हातगाड्या, पगड्या, टोप्या यांची अशी खेचाखेच आहे की आजच्या माणसालाही घरच्यासारखं वाटावं. त्याच काळातली, बरेचदा त्याच कंपन्यांची ही कार्डं. फॉरवर्ड बनवणाऱ्याने ती उचलली नाहीत, कारण ती त्याच्या कामाची नव्हती.

स्वच्छतेचंही असंच. फोटो निघतो रस्त्यावरून आणि त्यात येतो तो घराचा दर्शनी भाग. जुन्या मुंबईची घाण दर्शनी भागात नव्हतीच. ती दोन इमारतींच्या मधल्या घरगल्लीत होती. संडासाच्या टोपल्या तिथेच, मोऱ्यांचं पाणी तिथेच, आणि हे सगळं डोक्यावरून वाहून नेणारी हलालखोर माणसंही त्याच वाटेने ये-जा करत. फोटोत ती गल्ली नाही, तशी ती माणसंही नाहीत. ‘कपटासुद्धा दिसत नाही’ म्हणणाऱ्याने एवढं तरी विचारावं की स्वच्छ शहरात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग कसा शिरला? मांडवीत पहिले रोगी डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी ओळखले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिटीच्या कामाचेही फोटो काढले गेले आहेत. इस्पितळांतल्या खाटांच्या रांगा, विभक्त छावण्या, पंपाने घरं धुणारी पथकं. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीत ‘यूएचएच’ अशी अक्षरं रंगवली जायची. चाळींच्या आतल्या खोल्यांत दिवसाही उजेड नसे, म्हणून छपरांना भोकं पाडली गेली. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो यातूनच. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते दाट वस्ती कापून काढले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. आज जुन्या मुंबईच्या ऐसपैसपणाचा दाखला म्हणून ज्यांचे फोटो दाखवतात, त्यांतले काही रस्ते असे प्लेगच्या पोटी जन्मले आहेत.

रंगीत फोटोंबद्दल फार बोलायला नको. निळंशार आकाश आणि गुलाबी हायकोर्ट असलेली ती कार्डं म्हणजे रंगीत फोटोग्राफी नव्हे. मूळ फोटो काळा-पांढरा आणि रंग छापखान्यात चढवलेले. कितीतरी कार्डं जर्मनीत छापून येत. मुंबईच्या दगडाचा रंग तिथल्या कारागिराला कोण सांगणार? दिवसा काढलेल्या फोटोवर निळा थर देऊन, वर चंद्र चिकटवून तोच देखावा ‘चांदण्या रात्रीचा’ म्हणून विकण्याचा उद्योगही सर्रास चाले. भिंगाखाली कार्ड धरलं तर छपाईचे ठिपके दिसतात. आता तर फोनवरचं ॲपच एका मिनिटात रंग भरून देतं आणि तोही पुरावा म्हणून फिरतो.

आता ‘इंग्रजांनी स्वतःच्या पैशाने’. या वाक्यावर खरं म्हणजे रागवायला हवं, पण आधी हिशोब करू. राजाबाई टॉवर आणि त्याला लागून असलेलं ग्रंथालय यांसाठी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला लाख रुपये कावसजी जहांगीर यांचे. डेव्हिड ससून लायब्ररीचं नावच सांगतं. जे. जे. इस्पितळामागे जमशेटजी जीजीभॉय, आणि माहीमच्या खाडीवरचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाईंनी दिलेल्या दीड लाखाहून अधिक रकमेतून, १८४५ साली. त्यावर टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट. भायखळ्याच्या म्युझियमसाठी वर्गणी जमवण्यात नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड आघाडीवर होते. मग सरकारी इमारती? तट पाडून मोकळी झालेली जमीन विकून आलेला पैसा त्यांत गेला आणि ती विकत घेणारे मुख्यतः इथलेच व्यापारी. बोरीबंदरचं स्टेशन, म्हणजे आजचं सीएसएमटी, रेल्वे कंपनीचं, हे खरं. पण त्या कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. ती पुरवायची कुणी, तर हिंदुस्थानच्या महसुलातून.

या देणगीदारांना देव्हाऱ्यात बसवायचंही कारण नाही. जीजीभॉयांची संपत्ती चीनला पाठवलेल्या कापसाची आणि अफूची. प्रेमचंदांचा पैसा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस तेजीत आला तेव्हाचा आणि त्यावर खेळलेल्या सट्ट्याचा. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि शेअर घेतलेली हजारो घरं बुडाली. टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. जुन्या इमारतीचा इतिहास वाचायचा तर हेही वाचावं लागतं. ते कोनशिलेवर सापडत नाही.

पैशाइतकंच हाताचं. राजाबाई टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून केला. तो मुंबईला कधी आलाच नाही. टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातींच्या माणसांचे जे पुतळे आहेत, ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या असिस्टंट इंजिनीअरने. बोरीबंदरच्या स्टेशनचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, हे निर्विवाद. पण त्याच्या हाताखाली काम पाहणारे इंजिनीअर सीताराम खंडेराव आणि महादेव जनार्दन हे होते आणि नक्षीकामाचा मोठा वाटा जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा. पुढच्या खेपेला सीएसएमटीवरून बाहेर पडाल तेव्हा गाडी चुकली तरी चालेल, पण रस्ता ओलांडून दर्शनी भिंतीकडे वर बघा. पाने, पक्षी, माकडं यांच्या गर्दीत गोलाकार चौकटींमध्ये चेहरे कोरलेले आहेत. रेल्वेच्या साहेबांच्या त्या रांगेत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. घड्याळाखालचा एक कोनाडा रिकामा आहे. तिथे व्हिक्टोरिया राणी होती आणि स्वातंत्र्यानंतर ती हलवली. जुन्या फोटोत ती दिसते. फोटो स्वातंत्र्याच्या आधीचा की नंतरचा, हे एवढ्यावरूनही ताडता येतं.

वर आलेले सीताराम खंडेराव वैद्य लक्षात ठेवा, कारण ताजची गोष्ट त्यांच्यापाशी येऊन ठेपते. ताजचा आराखडा त्यांनी आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. कुणी गोरा साहेब विलायतेहून नकाशे पाठवून पुढे बोटीतून येतो, हॉटेल पाठमोरं दिसतं आणि तो उडी मारतो, यातलं काही घडलेलं नाही. वैद्य १९०० साली वारले. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ रोजी. अपुरं काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. जो माणूस इमारत उभी राहायच्या तीन वर्षं आधी गेला, तो ती उलटी झालेली बघून जीव कसा देईल? मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे, आणि त्याला साधं कारण आहे. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराकडून यायच्या आणि समुद्राकडची बाजू खोल्यांना द्यायची होती. समोर गेटवे तर तेव्हा नव्हताच. मग हॉटेलने तोंड करायचं कुणाकडे? मला या कथेत खुपतं ते वेगळंच. एका मराठी माणसाने केलेलं काम काल्पनिक साहेबाच्या नावावर टाकायचं आणि वर त्याला आत्महत्याही करायला लावायची, हे आपणच आवडीने फॉरवर्ड करतो.

गेटवेचं दोन ओळींत संपतं. पंचम जॉर्ज उतरला २ डिसेंबर १९११ ला. गेटवेच्या जॉर्ज विटेटने केलेल्या आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. राजा आला तो अपोलो बंदरावर तात्पुरत्या उभारलेल्या मंडपात. मागे दगडी कमान पुरी दिसत असेल, तर तो फोटो १९११ चा नाही.

राहता राहिला तो ‘१८८०’चा शिक्का. जुन्या फोटोचं वर्ष ठरवायला मोठी विद्वत्ता लागत नाही, थोडी चौकशी पुरते. काळा घोडा चौकात घोड्यावरचा राजपुत्र असेल, तर फोटो १८७९ ते १९६५ यांमधला. नंतर तो पुतळा राणीच्या बागेत गेला. ट्रामला घोडे असतील, तर १८७४ नंतरचा. वर विजेची तार असेल, तर १९०७ च्या मेनंतरचा. पोस्टकार्डाच्या पाठीवर मधोमध रेघ नसेल आणि मजकूर चित्राच्या कडेला खरडलेला असेल, तर बहुतेक विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं, कारण तेव्हा पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती.

त्या फॉरवर्डमधला सर्वांत देखणा फोटो बोरीबंदरचा आहे. घुमट पुरा, त्यावर मशाल धरलेला ‘प्रगती’चा पुतळा आणि समोरून जाणारी विजेची दुमजली ट्राम. मुंबईत दुमजली ट्राम आली १९२० मध्ये. आणि स्टेशनचं बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये संपलं. १८८० साली तिथे परांच्या होत्या.