"म्यूट कर नाहीतर गेम सोड" म्हणणाऱ्यांना

आपल्या इकडच्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज लई फिरायलाय, लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत सगळीकडं तोच. थोडक्यात असा: गेम म्हणलं की शिव्या आल्याच, सगळ्यांनाच बसतात, ज्याला सहन होत नाही त्यानं म्यूट करावं नाहीतर गेम डिलीट करावा, रिपोर्ट करून काही होत नसतं, पोलिसांत गेलं तर हसतील, आणि पोरींनी तर माइक चालूच करू नये. खाली अंगठ्यांची रांग. मला यातलं जवळपास काहीच पटत नाही आणि कामून पटत नाही ते सांगतो.

"सगळ्यांनाच बसतात" हे पहिलं खोटं. कुझनेकॉफ आणि रोझ या दोघांचा हॅलो ३ या गेमवरचा अभ्यास २०१३ ला छापून आलाय, त्यांनी आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली तीच ती वाक्यं कधी पोराच्या तर कधी पोरीच्या आवाजात मॅचमधे वाजवली, बोलणं तेच, तरी पोरीच्या आवाजाला वाईटसाईट तिप्पट ऐकावं लागलं. त्याच माहितीवर २०१५ ला अजून एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की पोरीच्या आवाजावर जास्त घसरणारे हे स्वतः खराब खेळणारे होते, चांगले खेळणारे त्यामानानं नीट बोलत होते. म्हणजे हे जे "प्रो लोकांचं बोलणं असंच असतं" म्हणतात ना, ते उलटं आहे.

आणि आपल्याकडचं एक त्या अभ्यासात येणारच नाही. रँडम स्क्वॉडमधे, म्हणजे गेमनं जोडून दिलेल्या अनोळखी लोकांच्या टीममधे, मराठी ऐकू आलं की आधी गाव कोणतं, मग आडनाव काय. मराठवाड्यात आडनाव कशासाठी विचारतात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आडनाव कळलं की शिवी बदलते, मघाशी खेळावरून होती ती आता जातीवर येते, घरातल्या बायांवर येते. ज्याच्या आडनावावर कधी कुणी बोललं नाही त्याला ही शिवी कधी बसलेलीच नसते, आणि तोच लिहायलाय की सगळ्यांनाच बसतात.

आता "म्यूट कर". म्यूट वाईट नाही, मीपण करतो, बटण दिलंय तर वापरावं. पण स्क्वॉडमधे आवाज म्हणजे अर्धा खेळ हे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, एनिमी २४० ला आहे (कंपासवरची दिशा), मी नॉक आहे (पडलोय, अजून मेलो नाही), स्मोक टाक, रिवाइव्ह दे (परत उठव), झोन येऊ लागलाय (खेळायची जागा आक्रसायलीय), सगळं माइकवरच चालतं. मग ज्यानं शिवी खाल्ली त्यानंच काही न ऐकता खेळायचं, रँक त्याचीच पडणार, आणि देणारा माइक चालू ठेवून पुढच्या मॅचच्या लॉबीत अजून कुणाच्या तरी बारक्या भावाला तेच ऐकवणार. शिवाय जो बोलण्यावर थांबत नाही, मुद्दाम रिवाइव्ह न देता मरू देतो आणि क्रेटमधली (मेलेल्याचं सामान पडतं ती पेटी) लूट घेऊन निघून जातो, त्याला म्यूट करून काय होणार?

पोरींच्या माइकबद्दल जास्त बोलत नाही. रस्त्यात छेड काढणाऱ्याला कुणी काही म्हणायचं नाही आणि पोरीचंच कॉलेज बंद करायचं, हे आपण गावोगाव बघितलंय, तेच आता लॉबीत करायलेत.

"गेमच तसा असतो" म्हणणाऱ्यांनी लीग ऑफ लेजंड्स या गेमचं वाचावं. २०१२ च्या आसपास तो बनवणाऱ्या रायट कंपनीनं फक्त एवढंच केलं की समोरच्या टीमशी चॅट आधीपासून बंद ठेवलं, ज्याला पाहिजे त्यानं चालू करावं. लोकांचं बोलणं जवळपास तेवढंच राहिलं पण वाईट चॅट ३० टक्क्यांहून जास्त घटलं. खेळाडू तेच, गेम तोच, सेटिंग एक बदललं. त्यांनीच हेपण मोजलं की कायम घाण वागणारे साधारण १ टक्का आणि त्यांच्यामुळं होणारा त्रास एकूण त्रासाच्या ५ टक्के, बाकीचा बराचसा एरवी बरे वागणाऱ्यांचाच, कधी दिवस खराब गेला म्हणून. म्हणजे हे दुसऱ्या कुणाचं नाही, आपल्याच ग्रुपातल्या पोरांचं आहे, म्हणून तर सुधारू शकतं.

रिपोर्टनं काही होत नाही म्हणता, तर रायटचाच अजून एक आकडा: नुसती शिक्षा दिली तर निम्मे सुधारले, कारण सांगितलं तर ६५ टक्के, आणि तू हे हे बोललास म्हणून त्याचंच चॅट समोर ठेवलं तर ७० टक्के. हां, मराठीतली शिवी मशीनला कळेल या भरवशावर राहू नका, वॅलरंट आणि कॉल ऑफ ड्यूटी या गेमांची आवाज तपासणारी सिस्टिम सुरू झाली तीच इंग्रजीपासून. म्हणून मोबाइलचं स्क्रीन रेकॉर्डिंग आवाजासकट ठेवा, त्याचा प्लेयर आयडी घ्या कारण नाव बदलता येतं आयडी नाही, आणि काय बोलला त्याचा अर्थ लिहून द्या. कंपनीला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, २०२१ च्या आयटी नियमांत २४ तासांत पोच द्यायची आहे, निकालाची मुदत आधी १५ दिवस होती, २०२६ च्या बदलानंतर ७ दिवस, त्या अधिकाऱ्याला मेल टाका.

पोलिसांचं. साधी शिवी घेऊन ठाण्यात जा असं मी म्हणत नाही. पण बाईला अश्लील बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मधे येतं, जिवे मारायची धमकी कलम ३५१ मधे, १८ च्या आतल्या लेकराशी लैंगिक बोललं तर पॉक्सो (लेकरांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) लागू शकतो, जातीवरून बोललं तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, व्हॉइस चॅट त्यात बसतं का ते कोर्ट ठरवेल पण तक्रार द्यायला कुणी अडवलेलं नाही. काहीजण आयटी कायद्याचं ६६ए सांगतात, ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ लाच रद्द केलंय. आणि १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी, शिव्या-धमक्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करायची, तिथं महिला आणि बालकांचा विभाग वेगळा आहे.

राहिले ते कस्टम रूम, म्हणजे स्वतःची खासगी मॅच, घेणारे दादा लोक. एंट्री फी घेताना हॅकचा नियम टाकता, इम्युलेटरचा (मोबाइलचा गेम कॉम्प्युटरवर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकता, मग हापण टाका की जातीवरून किंवा आईबहिणीवरून बोलला तर पूर्ण टीम बाहेर, एंट्री परत नाही. रूम आयडी पाठवता ना, त्याच मेसेजमधे पाठवा.