पारावरचा सरपंच आता पुरे

मुलांना सरकार समजावणाऱ्या चित्रपुस्तकात हमखास एक पान असतं. पिंपळाचा पार, फेटेवाला मिशाळ सरपंच, समोर हात जोडून उभं गाव आणि न्यायनिवाडा चाललेला. अहो, ग्रामपंचायत म्हणजे कोर्ट नव्हे! आणि महाराष्ट्रात सरपंचपदाच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, हे चित्रकारापर्यंत पोचलेलंच दिसत नाही.

माझं म्हणणं असं, की पदांची यादी देऊच नका. एक अर्ज घ्या आणि त्याच्या मागे मागे जा. गल्लीतला दिवा बंद आहे, बस. ३२ पानांच्या पुस्तकात शीर्षक, श्रेय वगळून १२-१४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) उरतात, तेवढी पुरतात. अर्ज दिला, आवक क्रमांक पडला, पोच मिळाली (शिक्का मोठा काढा, मुलांना शिक्के आवडतात). मासिक सभेत ठराव, सूचक, अनुमोदक. खांब महावितरणचा, दिवा ग्रामपंचायतीचा, ही भानगड दोन रंगांत एका चित्रात कळते. शब्दांत सांगायला गेलात तर अर्धं पान जातं.

खरी मजा ग्रामसभेच्या पानावर. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी तो. गावात ४०० मतदार असतील तर ६० हवेत. सतरंजीवर ४१ माणसं काढा आणि मजकुरात आकडा देऊ नका. मुलं बोट ठेवून मोजतात. सभा तहकूब. पान उलटलं की तीच सभा पुन्हा, पण तहकूब सभेला कोरमची अट नसते. आलेल्यांनी ठरवलं, न आलेल्यांनाही ते लागू. इथे लेखकाने गप्प बसावं.

तलाठी सरपंचाच्या हाताखाली दाखवू नका. तो महसूल खात्याचा. सातबारा त्याच्याकडे, घरपट्टी ग्रामपंचायतीकडे. दोन दारं काढा, दोन पाट्या.

आणि शेवटी दिवा लागून सगळं गाव हसलंच पाहिजे असं कुठाय? निधी एका कामापुरता, मागण्या दोन, असं अंदाजपत्रक दाखवा की. भांडू देत मुलांना.

मागे कोरा अर्ज द्यायचा असेल तर सुटा कागद घाला. पिन मारलेल्या पुस्तकातलं पान फाडलं की त्याच्या जोडीचं पानही निखळतं.