परत पाठवलंत, तर तेवढं लिहून द्या

१५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तेव्हापासून वाद चालू आहे. दलाल हटतील म्हणणारे एकीकडे, सातबाऱ्यावर नावच नाही त्याचं काय, असं विचारणारे दुसरीकडे. अमेरिकेतून बघताना मला हा सातबाऱ्याचा प्रश्न जास्त खरा वाटतो.

क्रमांक इथेही लागतो. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सरकारी कृषी केंद्रात ओळखपत्र, कर क्रमांक आणि खरेदीखत घेऊन गेलं की शेताला नंबर मिळतो. खरेदीखत नसेल तर भाडेकरार चालतो, म्हणजे जमीन दुसऱ्याची असली तरी कसणाऱ्याचं नाव लागतं. मग दोन फॉर्म: एडी-१०२६, म्हणजे पाणथळ किंवा धूप होणारी जमीन नियम मोडून नांगरणार नाही ही हमी, आणि सीसीसी-९४१, उत्पन्नाच्या मर्यादेसाठी. हे दोन अडकले की पुढचं सगळं अडकतं.

पैसे बुडतात ते घाईमुळे. भाजीसाठी प्लास्टिकने झाकलेला बोगद्यासारखा मांडव अनुदानातून उभारायचा, तर करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होण्याआधी खड्डा खणला तरी अनुदान जातं. महाडीबीटीत, म्हणजे राज्याच्या योजनांच्या पोर्टलवर, पूर्वसंमतीआधी ठिबक घेणाऱ्याचं हेच होतं. विमा न मिळणाऱ्या पिकांच्या नुकसानभरपाई योजनेत नुकसान दिसल्यापासून १५ दिवसांत कळवायचं, हाताने तोडायच्या भाज्यांना मात्र ७२ तासांत. आणि पाहणी व्हायच्या आत रान मोडायचं नाही. पीकविम्याचे ७२ तास ज्यांना पाठ आहेत त्यांना हे नवीन नाही.

नवीन आहे ती पावती. केंद्रात मदत मागायला गेलेल्याला कागद द्यावाच लागतो: तारीख, ठिकाण, काय मागितलं, काय केलं किंवा का केलं नाही. इथल्या २००८ च्या शेतीकायद्यात तो मागितल्यावर मिळायचा, २०१४ पासून न मागता. नकार आला तर ३० दिवसांत दाद मागता येते. कर्जाचं सोडलं तर बरेचसे नकार शेतकऱ्यांनीच मतदान करून निवडलेल्या काउंटी समितीपुढे नेता येतात.

इथली माणसं जास्त चांगली म्हणून हे आलं, असं कुणी समजू नये. आपली कर्जं काउंटीत मुद्दाम अडवली-रखडवली, हा आरोप घेऊन कृष्णवर्णीय शेतकरी कोर्टात गेले. पिगफर्ड खटल्यात १९९९ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. तोंडी "नंतर या" कोर्टात दाखवता येत नाही. कागद दाखवता येतो.

महाडीबीटीवर भरलेल्या अर्जाला क्रमांक मिळतो, पण अर्ज भरायच्या आधीच टेबलावरून परत गेलेल्याची नोंद कुठे होते? तालुका कृषी कार्यालयात एक दुहेरी पावतीपुस्तक ठेवा: तारीख, मागणी, उत्तर, सही. बटईने कसणारा असो की सातबारा दिराच्या नावावर असलेली बाई, परत जाताना त्यांच्या हातात तेवढी चिठ्ठी तरी असू द्या.